इवाकिरींनी मारलेली कुंपणाची गाठ

आमच्या ओसाकातल्या गल्लीत कोणाच्या मनात काय शिजतंय, हे माझ्या खानावळीच्या तव्याला आधी कळतं. शेजारचे माळी इवाकिरीसान, वय छप्पन्न, सडेफटिंग. ताटात अर्धं टाकून उठायला लागले, तेव्हा मी सरळ विचारलं, "कोण आहे ती?"

"ती नाही हो, तोकुएसान. दोरी!"

दुसऱ्या बिअरला सगळं बाहेर आलं. दोरीनं माणसं बांधायच्या कलेचं एक फोटोप्रदर्शन त्यांनी पाहिलं होतं. "बांधलेल्या बाईचा चेहरा काय निवांत होता! माझ्या हातात कोणी तसं निवांत व्हावं, एवढंच वाटतं." कान लालबुंद. त्या कलेचा नवशिक्यांचा वर्ग रविवारी दुपारी एका माडीवर भरतो. चार रविवार गडी जिन्याशी जाऊन परत आला होता. "म्हातारा चळला म्हणतील."

"ते आताही म्हणतात," मी म्हटलं, आणि पाचव्या रविवारी खानावळीला कुलूप लावून त्यांना वर चढवलं. स्वतःही आत बसले. असली मजा सोडते की काय!

चटयांवर दहा-बारा जण होते. शिकवणाऱ्या शिरोगानेबाई साठीच्या, पाठ काठीसारखी. कपड्यांवरूनच बांधायचं, आधी स्वतःच्या मांडीला, मग जोडीदाराच्या मनगटांना. आणि तो "सोडा" म्हणाला की तत्क्षणी सोडायचं.

इवाकिरींच्या वाट्याला आली हात्सुए, दातांच्या दवाखान्यातली, चाळिशीची, तीही नवीच. बसल्या बसल्या म्हणाली, "आज बिनसलं तर मी पुन्हा यायची नाही. एवढं धाडस एकदाच गोळा होतं."

झालं! माळीबुवांच्या कपाळावर घाम. आणि हात तर तीस वर्षं बांबूची कुंपणं बांधलेले. दोन वेढे घेतले आणि सवयीनं मारली कुंपणाची गाठ, वादळातही न सुटणारी. वर कुंपणाची भिजवतात तशी ही दोरीही भिजवायला पाण्याची बादली शोधू लागले!

"सोडा," हात्सुए म्हणाली.

गाठ हलेना. नखं लावली, दात लावणार तेवढ्यात बाईंनी कात्रीनं दोरी कापली. इवाकिरीसाननी चटईला कपाळ टेकवलं ते उचलेचनात.

"मी पहिल्या दिवशी स्वतःचेच पाय बांधून घेतले होते," मागून एक बँकेतले गृहस्थ म्हणाले. "बायकोनं सोडवलं. हसत हसत. फार वेळ लावून." सगळी खोली खिदळली.

बाई म्हणाल्या, "बांबू बोलत नाही, इवाकिरीसान. मनगट बोलतं. त्याला विचारत बांधा."

हात्सुए मनगट चोळत होती. मला वाटलं, आता पर्स उचलते. पण म्हणाली, "बोटं गार पडली का, हे यांनी चारदा विचारलं. दोरी कापली जाईपर्यंत." आणि दोन्ही हात पुन्हा पुढे केले.

"घट्ट होतंय?"

"नाही. अजून थोडं."

"आता?"

तिनं डोळे मिटले, खांदे खाली आले, चेहरा असा सैलावला की खोलीत सगळ्यांनी श्वास धरला. मग "सोडा" म्हणाली, आणि एका हिसड्यात दोरी मांडीवर! टाळ्या कडाडल्या, सगळ्यात मोठ्या माझ्या.

"पुढच्या रविवारी पायांचं शिकवणार आहेत म्हणे," हात्सुए म्हणाली. "याल ना?"

इवाकिरीसानचं तोंड उघडं ते उघडंच. शेवटी मीच ओरडले, "येतो म्हणतायत!"