हेरिटेज विंगमधली एक रात्र

शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५, दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं. मी दुबईतल्या आमच्या टायपिंग सेंटरमध्ये बसून बाबांचा व्हिसा कॅन्सल करायचा अर्ज भरत होतो. दिवसभर लोकांचे अर्ज भरणं हेच माझं काम, पण या अर्जातला पासपोर्ट नंबर मी तीनदा ताडून पाहिला. ‘सबमिट’ दाबलं आणि लगेच रास अल खैमाच्या एका हॉटेलात दुसऱ्या दिवसाची खोली बुक केली. कायमचं चिपळूणला जाण्याआधी त्या हॉटेलात एक रात्र गेस्ट म्हणून झोपायचं, एवढंच बाबांनी माझ्याकडे मागितलं होतं.

बाबा तिथल्या लाँड्रीत चोवीस वर्षं होते. समुद्रकाठचं ते हॉटेल सुरुवातीला एका अमेरिकन कंपनीकडे होतं. तिथला अमेरिकन मॅनेजर बाबांना सांगायचा, आमच्या देशात जुनी हॉटेलं देशाचा वारसा म्हणून जपतात. दाराबाहेर पितळी पाटी लावतात, लोक लांबून येऊन मुद्दाम तिथे राहतात. या हॉटेललाही एक दिवस तशी पाटी लागेल. कंपनी गेली, मालक बदलले, बाबा दुबईच्या लाँड्रीत आले; पण ती पाटी त्यांच्या डोक्यातून गेली नाही.

मी दुबईतल्याच ऊद मेथाच्या शाळेतून बारावी अर्धवट सोडली, त्यामुळे ठाऊक नसलेली गोष्ट आधी वाचून घ्यायची सवय आहे. मॅनेजर खोटं बोलत नव्हता. अमेरिकेत लाकडाची अवाढव्य समुद्रकाठची हॉटेलं आहेत, डोंगरातले गरम झऱ्यांचे रिसॉर्ट आहेत. कोणता राष्ट्राध्यक्ष कोणत्या खोलीत झोपला, ते कौतुकाने लिहून ठेवतात. मात्र वारशाच्या राष्ट्रीय यादीत नाव असलं म्हणून इमारत वाचतेच असं नाही. मालकाने ठरवलं तर पाडताही येते. हे मी बाबांना सांगितलं नाही. त्या हॉटेलांतल्या चादरी कोण धूत होतं, हे मला कुठे सापडलं नाही.

शनिवारी सकाळी डिस्कव्हरी गार्डन्समधून मित्राची गाडी घेऊन निघालो. जाणार असाल तर ३११ नंबरचा रस्ता धरा. आम्हाला टोल लागला नाही, आणि दीड तासात पोचलो. उम्म अल क्वैनच्या पुढे एका कॅफेटेरियात पराठा, अंडी आणि कडक चहा घेतला. दोघांचे एकोणीस दिरहम. बाबांनी मोठ्याने हिशेब केला, “म्हणजे साडेचारशे रुपये. एवढ्यात तुझी आई आठवडाभराची भाजी आणते.” पुढे सिमेंटचे कारखाने लागले. डोंगर अर्धे कापलेले, हवेत पांढरी धूळ. बाबांनी काच वर घेतली आणि शर्टाची कॉलर झटकली. इस्त्री त्यांनी पहाटे स्वतः केली होती.

खोलीचे तीन प्रकार होते. मी ‘हेरिटेज विंग’ निवडली, कारण जुना भाग तोच असणार, असं मी धरून चाललो. तिथेच चुकलो.

हेरिटेज विंग बांधून तीन वर्षं झाली होती. मातीच्या रंगाच्या भिंती, जुन्या अरबी घरांवर हवेसाठी असतात तसे नकली वारामनोरे, मुद्दाम पाडलेल्या भेगा. बाबांनी बोटाने भिंत ठोकली. पोकळ आवाज आला.

“जिप्सम,” ते म्हणाले. “अरे मंदार, आमचं हॉटेल कुठंय?”

रिसेप्शनवरची फिलिपिनो मुलगी हसून म्हणाली, “ओल्ड ब्लॉक, सर? क्लोज्ड. डेमोलिशन.”

ते पार्किंगच्या मागे होतं. चार मजले, हिरव्या जाळीत गुंडाळलेले, खिडक्या काढून नेलेल्या. गेटवर पेशावरचा वॉचमन खुर्ची टाकून बसला होता.

“चाचा, अंदर मना है.”

“मैं इधर चौबीस साल काम किया.”

“तो फिर आपको तो पता होगा, इधर कोई किसी की नहीं सुनता,” तो म्हणाला. मग उठून त्याने खुर्ची बाबांकडे सरकवली. “बैठो. देखने का कोई पैसा नहीं.”

बाबा बसले नाहीत. जाळीच्या फटीतून बघत राहिले. “दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातली खोली होती. तिथं चादर घातली की समुद्राचं ऊन पडायचं तिच्यावर. वाटायचं, एकदा इथं आडवं व्हावं.”

“बाबा, मी विचारतो ना त्यांना. पाच मिनिटं तरी...”

“खलास झालं रे. मजलाच नाहीये आतून. ते बघ, आरपार आभाळ दिसतंय.”

रात्री जेवणाला त्यांनी चमचा दोनदा खाली ठेवला. खोलीतल्या पलंगावर कडेला, पाहुण्यांच्या घरी बसावं तसे बसून राहिले. मी झोपलो तेव्हा ते तसेच होते.

सकाळी आंघोळ करून बाहेर आलो तर दोन्ही गाद्या उघड्या. चादरी, अभ्रे, बाबांचे वापरलेले टॉवेल, काहीच नाही. बाबाही नाहीत. थोड्या वेळाने कपाळाचा घाम पुसत आले.

“कुठे होतात?”

“गाठोडं बांधलं आणि मागच्या दाराशी ट्रॉली होती, तीत टाकून आलो.”

“अहो बाबा, आपण गेस्ट आहोत!”

“म्हणून काय घाण ठेवून जायची दुसऱ्यासाठी?”

चेकआउटला त्या मुलीचा फोन वाजला. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलला. “सर, रूम चेकमध्ये टॉवेल मिसिंग. बेडशीट पण.” मी सगळं समजावलं. तिने मागे फोन लावला. लाँड्री आता बाहेरच्या कंपनीकडे होती. त्यांचा ट्रक निघून गेला होता आणि गाठोडं कोणाच्याच मोजणीत नव्हतं. माझा आवाज चढला. मागे रांगेत उभे असलेले लोक बघायला लागले.

मी वळलो तर बाबांनी त्यांची बॅग काउंटरवर ठेवली होती. चेन उघडली होती. लुंगी, गोळ्यांची डबी, दाढीचं सामान, एकेक काढून बाजूला मांडलं. मग एक पाऊल मागे सरकून, दोन्ही हात मोकळे दिसतील असे पुढे धरून उभे राहिले. कोणीही त्यांना बॅग उघडायला सांगितलं नव्हतं. चोवीस वर्षं रोज ड्यूटी सुटली की स्टाफ गेटवर झडतीला ते असेच उभे राहत.

“नो, नो, अंकल, प्लीज,” ती मुलगी घाईने म्हणाली. डिपॉझिटमधून पैसे मात्र कापले गेले.

गाडीत मी म्हणालो, “मी कंप्लेंट लिहितो. सोडणार नाही.”

“नको. तिचा पगार कापतील. मोजणीत नाही तो टॉवेल गेला, हा नियम जुनाच आहे.”

घरी आल्यावर मी तक्रार लिहिलीच. शुद्धलेखन तपासलं, आणि पाठवली नाही. तुम्ही जाणार असाल तर खोलीचं नाव वाचू नका, इमारत कधी बांधली ते फोन करून विचारा. समुद्र छान आहे. बाबा समुद्राकडे गेलेच नाहीत.

खर्च: खोली २८० दिरहम, म्हणजे सहा हजार सातशे रुपये. पेट्रोल ६२. खाणं ७४. टॉवेल आणि चादरींचे कापले ते १३५, म्हणजे सव्वातीन हजार.

देणं: मित्राला गाडी धुऊन द्यायची होती, ते २५.

येणं: हॉटेलकडून उरलेलं डिपॉझिट ६५ दिरहम. बाबा चिपळूणला पोचले. पैसे अजून आलेले नाहीत.