जंतांची डॉक्टरीण

पिरासेल सुट्टीवर घरी आली की वांगनामच्या किनाऱ्यावर पहिला विनोद ठरलेला असे. जाळी झटकणारा कुणीतरी ओरडे, "पोरांनो, पळा! शी मागायला आली बघा!" आणि होड्यांवरची, वाळवणाजवळची सगळी माणसं खो खो हसत. पिरासेलही हसायची. कंपालाच्या प्रयोगशाळेत तिला मानाने डॉक्टर म्हणत. इथे ती जंतांची डॉक्टरीण होती, आणि ते काही खोटं नव्हतं.

तिचं सगळं वय एका जंतामागे गेलं होतं. अल्बर्ट सरोवराच्या काठच्या शेवाळात बारीक गोगलगाई असतात. त्यांच्यातून तो पाण्यात उतरतो, पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतो आणि नसांमध्ये जोडीने संसार थाटतो. त्याची अंडी यकृतात, आतड्यात रुतून बसतात. वर्षानुवर्षं काही कळत नाही. मग पोट मडक्यासारखं फुगतं, हातपायांच्या काड्या होतात आणि एखाद्या दिवशी माणूस रक्त ओकतो.

पिरासेल लहान असताना तिचा काका असाच गेला. तेव्हा जंत कुणाला ठाऊक नव्हता. पोट फुगलं म्हणजे कुणीतरी विष घातलं, एवढंच सगळे मानत. संशय आला तो शेजारच्या थोपाचो नावाच्या म्हातारीवर, कारण काका तिच्याकडे जेवायचा. लोकांनी तिची झोपडी पेटवली आणि तिला एका होडीत बसवून पलीकडे काँगोच्या काठावर सोडून दिलं. पिरासेल तिच्या हातची भाजलेली मासळी खात मोठी झाली होती. होडी लांब जाईपर्यंत ती पोर पाण्यात उभी राहून रडली. पुढे मोठ्या शाळेत मास्तरांनी फळ्यावर गोगलगाय काढली, तिच्यातून निघणारा जंत काढला, माणसाचं फुगलेलं पोट काढलं. सगळा वर्ग आकृती उतरवून घेत होता. पिरासेल उठून बाहेर गेली ती तास संपेपर्यंत आत आली नाही.

त्या दिवसापासून तिने हा जंत धरला. शिकली, कंपालाला गेली, नांतेगे नावाच्या एका कडक बाईंच्या हाताखाली संशोधनाला लागली. या जंतावर जगात औषध एकच आहे. दरवर्षी काठावरच्या गावांत गोळ्या वाटतात. उभी काठी लावून उंची मोजायची, जितकी उंची तितक्या गोळ्या. कडू असतात. रिकाम्या पोटी घेतल्या तर माणूस गरगरतो, ओकतो. पण जंत मरतो. पिरासेलने धरलेला प्रश्न साधा होता. इतकी वर्षं तीच गोळी खाऊन खाऊन जंत अजून मरतो का?

"ज्याचं उत्तर कुणालाच नकोय, नेमका तोच प्रश्न तुला सापडावा!" नांतेगेबाई म्हणाल्या. तरी त्यांनी तिला लॅबमधलं एक टेबल दिलं.

त्या टेबलावर तिची उमेदीची वर्षं गेली. गावोगावची शी डब्यांतून यायची. ती गाळायची, धुवायची, अंडी वेगळी काढायची. स्वच्छ पाण्यात घालून उजेडात ठेवली की अंडी फुटत आणि त्यांतून डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव धूम पोहत सुटत. मग थेंब थेंब औषध घालायचं. कमी, जास्त, आणखी जास्त. आणि भिंगातून बघत बसायचं, कोण थांबतो, कोण पोहतोय. एकेका गावावर, एकेका वर्षावर तिने निबंध लिहिले. ज्यांचा या जंताशी संबंध होता त्या देशोदेशीच्या माणसांना तिचं नाव माहीत झालं. लग्न राहून गेलं. आईने बोलून बघितलं, मग बोलणं सोडून दिलं.

तिच्या कामाचा गावातला सगळ्यात मोठा कैवारी तिचा थोरला भाऊ मुंगुरिएक. तो त्या गोळीला "आमच्या पिराची गोळी" म्हणायचा, जशी काही तिनेच बनवली होती. वाटपाच्या दिवशी पहाटेच होडी किनाऱ्याला ओढून, मासा तसाच टाकून तो सगळ्यांत आधी रांगेत उभा राही. कुणी कुरकुर केली की दंडाला धरून आणी. "कडू लागते? बायको बोलते ते गोड लागतं का तुला? गिळ!" त्याची बायको न्याकुनी मागून म्हणायची, "माझं नाव कशाला मध्ये? तुझं तोंड काय कमी कडू आहे?"

असा हा माणूस, एके वर्षी पिरासेलला त्याच्या सदऱ्याची खालची बटणं उघडी दिसली. पोटावर लागत नव्हती.

त्या वर्षीचे वांगनामचे डबे तिने स्वतः उघडले. मुंगुरिएकचाही होता. दुसऱ्या गावांचे जीव औषध पडताच वेडेवाकडे फिरले, आखडले, थांबले. वांगनामचे बरेचसे थांबले, पण काही पोहत राहिले. तिने औषध वाढवलं. तरी पोहत होते. भावाच्या बशीत तर असे कितीतरी. तिला वाटलं, औषधच जुनं असेल. नवीन मागवलं. हात चुकला असेल म्हणून लॅबमधल्या दुसऱ्या मुलीकडून करून घेतलं. तेच. शेवटी तिने नांतेगेबाईंना बोलावलं. त्या खूप वेळ भिंगाला डोळा लावून बसल्या, मग चष्मा परत चढवत म्हणाल्या, "लिही."

"लिहून काय होणार, बाई?"

"ते मला विचारू नकोस. लिही."

तिने लिहिलं. छापून आलं. एका मोठ्या बैठकीत तिला बोलायला बोलावलं. लोकांनी मन लावून ऐकलं. कुणी म्हणालं, नमुने थोडे आहेत. कुणी म्हणालं, बशीतली पिल्लं पोहली म्हणून अंगातले मोठे जंत गोळीने मरत नाहीत असं कसं म्हणायचं? खोटं कुणीच बोलत नव्हतं. हे प्रश्न तिने स्वतःलाही विचारले होते. मग मागच्या रांगेतला एक म्हातारा गृहस्थ उठला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "समजा, तुम्ही म्हणता ते खरं. उद्यापासून आम्ही लोकांना दुसरं काय देऊ?"

पिरासेल माइकसमोर उभी राहिली. म्हातारा खरंच उत्तराची वाट बघत होता. 

ती गावी आली तेव्हा मुंगुरिएक उलट्या घातलेल्या होडीच्या फटीत डांबर भरत बसला होता. तिच्याकडे न बघताच त्याने विचारलं, "माझे कसे आहेत?"

"कोण?"

"जंत गं माझे. डबाभर दिला होता ना तुला."

तिला खोटं बोलता आलं असतं. "दादा, त्यातले काही मरतच नाहीत. गोळीत पोहतात."

तो हसला. "म्हणजे माझ्याच वळणावर गेलेत! वादळात पोहणारे." मग हातातलं डांबर तसंच राहिलं. "बरं मग, दुसरी गोळी आण."

"दुसरी नाहीये, दादा."

"कुठंच नाही?"

"कुठंच नाही."

"मग इतकी वर्षं तू तिथं करत काय होतीस?"

त्याने ते टोचून म्हटलं नव्हतं. मोठ्या दुकानात गेलेल्या माणसाने रिकाम्या हाताने यावं, तसं त्याला खरोखरच नवल वाटलं होतं. पिरासेलने त्याला समजावलं की निदान पाण्यात तरी उतरू नकोस. तो म्हणाला, "पाण्यात पाय न घालता मासा कसा धरायचा, तेवढं शोधून ये. मग बघू."

त्या संध्याकाळी वारागी नावाच्या गावठी दारूच्या गुत्त्यावर त्याने तो किस्सा सगळ्यांना रंगवून सांगितला. बहिणीला कमीपणा यावा असं त्याच्या मनातही नव्हतं. पण पुढच्या वाटपाला काठी उभी राहिली आणि तिच्यासमोर जेमतेम शाळेतली पोरं. बाकी किनारा आपापल्या कामात. दवाखान्याचा प्रमुख बिथुम शांत माणूस, पण त्याने पिरासेलला फोन केला तो चढ्या आवाजातच. "मॅडम, तुमचा अभ्यास तुमच्यापाशी ठेवायचा होता. आता या पोरांच्या आयांना मी काय सांगू?"

ती पहिल्या गाडीने आली आणि दारोदार फिरली. वाळत घातलेल्या मासळीवर माश्या हाकत बसलेली एक तरणी बाई, कडेवर पोर, तिच्याकडे बघत म्हणाली, "आधी म्हणालीस, गोळी घ्या, मरतात. मग म्हणालीस, मरत नाहीत. आता परत घ्या म्हणतेस. ताई, आमची काय चेष्टा चालवलीस?"

"बरेच मरतात गं. अजूनही पुष्कळ मरतात. थोडे उरतात."

"आणि उरतात त्यांचं काय होतं?"

 उरतात त्यांचीच पिल्लावळ पुढे वाढते, हेच तर तिने आयुष्यभर लिहिलं होतं. गोळी न घ्यावी तर पोर आज सुजेल. गोळी घ्यावी तर उद्याचा जंत आणखी चिवट होईल. पिरासेल त्या बाईच्या दारातल्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "तरी घे. लेकरासाठी घे. माझ्याकडे एवढंच आहे." त्या बाईने काय ठरवलं ते तिने सांगितलं नाही. पोराला घेऊन आत गेली.

पिरासेल अजून गावातच होती तेव्हा मुंगुरिएकने होडीत रक्त ओकलं. सोबत्यांनी जाळं तोडून होडी वळवली. किनाऱ्यावर आणला तेव्हा त्याचे ओठ मातीसारखे झाले होते, पण शुद्ध होती. ट्रकच्या मागच्या बाजूला पोत्यांवर त्याला झोपवलं. न्याकुनीने डोकं मांडीवर घेतलं आणि पिरासेलने मनगट धरलं. खड्डा आला की तो कण्हायचा. एकदा म्हणाला, "पिरा, तुझे पाहुणे फार माजलेत." तिला हसू येईना.

मोठ्या दवाखान्यात नर्सने धावत येऊन त्याला बघितलं. आतली फुटलेली शीर बांधायला घशातून आत घालायची नळी लागते. ती तिथे नव्हती, डॉक्टरही जागेवर नव्हते. त्याच्या गटाचं रक्तही नव्हतं. नर्सने पिरासेलच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं आणि हायसं वाटून म्हणाली, "तुम्ही डॉक्टर आहात ना? बरं झालं. इकडे या, सांगा मला, काय करू?"

"मी माणसांची डॉक्टर नाही," पिरासेल म्हणाली.

नर्सला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. पिरासेलने परत सांगितलं. त्या खोलीत तिच्याइतकं त्या आजाराबद्दल कुणालाच माहीत नव्हतं. आता कुठल्या नसा फुगल्या असतील, कुठे फुटल्या असतील, यकृत कसं चामड्यासारखं झालं असेल, सगळं तिला दिसत होतं. तिने भावाचा हात धरून ठेवला. दुपार कलली तेव्हा तो गेला.

त्याला घरामागे पुरलं. गावाने रीतीप्रमाणे शोक केला, क्वोन म्हणजे पिठाचा घट्ट उंडा रांधला, मासे रांधले. पिरासेलला कुणी उणंदुणं बोललं नाही. नुसते तिच्यावरचे विनोद बंद झाले, आणि तेच तिला सोसवेना.

नांतेगेबाई निवृत्त झाल्या, टेबल पिरासेलचंच राहिलं. ती नवीन औषध शोधणाऱ्यांना पत्रं लिहिते. उत्तरं सभ्य येतात. काम चालू आहे, वेळ लागेल. ज्या काठांवर हा आजार आहे तिथल्या लोकांकडून कमाई होणार नाही, हे कुणी लिहीत नाही, पण तिला समजतं.

पुढच्या वाटपाला ती पुन्हा वांगनामला होती, काठी धरून. न्याकुनी चारही पोरं घेऊन आली. एकेकाला काठीशी उभं केलं, एकेकाच्या तळहातावर गोळ्या घेतल्या. काही विचारलं नाही. पिरासेलला वाटलं, तिने निदान विचारावं तरी. धाकट्याने तोंड वाकडं केलं, तेव्हा न्याकुनीने त्याला पातळ कांजीचा पेला दिला आणि स्वतःच्या गोळ्या कोरड्याच गिळल्या.

पोरं सुटली ती सरळ पाण्याकडे. उन्हाचे दिवस होते. पिरासेलने काठावर जाऊन हाका मारल्या. एकाने मागे वळून हात हलवला आणि बुडी मारली.  मग ती नमुन्यांचे डबे उन्हात तापू नयेत म्हणून ते उचलून सावलीत ठेवायला गेली.