टीचरच्या ओट्यावर बसलेले मामा

वाट पाहण्याची मनापासून आवड असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे मामा. तुम्हाआम्हाला वाट पाहावी लागते. मामा वाट पाहायला जातात. लोक गाण्याला जातात, देवळात जातात, तसे. निघताना धुतलेली पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, नेसतात, खांद्यावर टॉवेल टाकतात आणि कापडी पिशवीत पाण्याची बाटली, पानाचा डबा नि छत्री घेतात. कुंभकोणमच्या बसस्थानकावर तिरुप्पनंदाळची रिकामी बस समोर उभी असताना त्यांना बाकावर निवांत बसलेलं मी स्वतः पाहिलंय. ‘‘मामा, बस लागलीय की,’’ म्हटलं तर म्हणाले, ‘‘आतांच तर आलों. इतक्यांत काय जायचें? मागून दुसरी येईल.’’ वाट पाहताना ते वर्तमानपत्र वाचत नाहीत, कुणाशी आपणहून बोलत नाहीत, आणि फोनमध्ये डोकं घालून बसलेल्या माणसाकडे तर असे बघतात, की जणू तो मैफलीत घोरतोय. एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, ‘‘वाचायचें तर घरीं वाचावें. इथें मी वाट पाहायास आलों ना?’’

टपाल खात्यातून निवृत्त झालेला, लग्न न केलेला आणि अशी आवड असलेला माणूस शेजारच्यांना देवासारखा वाटला तर नवल नाही. कुणाकडे गॅसचा सिलिंडर यायचा असो, प्लंबर यायचा असो, किल्ली मामांच्या हातात देऊन माणसं खुशाल कामाला जात. दवाखान्यात दुसऱ्यांसाठी नंबर लावून तर ते इतके बसत, की एकदा डॉक्टरांनी त्यांना आत बोलावून बळेच रक्तदाब तपासला. मामांना त्याचं फार वाईट वाटलं. स्वतःला काही झालं म्हणून नव्हे, तर नंबर खरं म्हणजे कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या आईचा होता म्हणून.

मी सांगलीकडची. लग्न होऊन इथे आले तेव्हा सासरची मराठी ऐकून दोन दिवस गप्पच होते. तंजावरच्या राजांबरोबर दक्षिणेत आलेल्या घरांतली ही मराठी. बाहेर सगळे तमिळ बोलतात, पण उंबऱ्याच्या आत आले की विचारत नाहीत, ‘पुसतात’. शोधत नाहीत, ‘हुडकतात’. आणि मुलं दंगा करायला लागली की ‘उगे राहा’ म्हणतात. मला ते जुन्या बखरीतली माणसं जेवायला बसल्यासारखं वाटायचं. मामांना उलट माझी काळजी वाटायची. ‘‘तुझी मराठी फार धांवते, अगे. मागें कोण लागलें आहे?’’ माझी धाव थोडी कमी व्हावी म्हणून की काय, ते मला एकदा तिरुनीलक्कुडीच्या देवळात घेऊन गेले. तिथल्या पिंडीवर तेल ओततात आणि ते आत मुरतं अशी ख्याती आहे. आम्ही पाहिलं, हात जोडले, बाकीचे प्रसाद घेऊन निघालेसुद्धा. मामा खांबाला टेकून बसले. ‘‘आता काय, मामा?’’ तर म्हणाले, ‘‘सारें मुरूं दे की.’’ पुजाऱ्यांनी देऊळ बंद करायला काढलं तेव्हा कुठे आम्ही उठलो.

अशा मामांच्या गळ्यात आमच्या घराचं प्रकरण पडलं ते असं. आम्ही राहत होतो ते भाड्याचं घर मालकांना मुलाच्या लग्नासाठी परत हवं होतं. माझा नवरा माधव इथल्या कॉलेजात शिकवतो, मी मुलं सांभाळून घरी गणिताच्या शिकवण्या घेते. नाही म्हणायला दोघांचं मिळून कर्ज मंजूर होण्याइतकं बरं चाललं होतं. कावेरीच्या बाजूच्या एका गल्लीत आम्हाला घर मिळालं. लहानसं, कौलारू, मागे विहीर, पुढे ओटा. इकडे त्या ओट्याला तिण्णै म्हणतात. घर होतं एका निवृत्त शिक्षिकेचं. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा कोइमतूरला, तो ‘इकडे ये’ म्हणून मागे लागलेला. सगळा गाव त्यांना ‘टीचर’ म्हणे, म्हणून आम्हीही टीचरच म्हणायला लागलो. करार झाला, विसार दिला, बँकेने कर्ज मंजूर केल्याचं पत्र दिलं. आता पैसे सुटले की खरेदीखत, आणि खरेदीखत झालं की किल्ली.

ते पैसे काही सुटेनात. बँकेच्या वकिलाला घराच्या जुन्या दस्ताची नक्कल हवी होती. ती मिळाली तर तिच्यावरचा शिक्का पुसट. तो ठळक करून आणला तर फाइल वरच्या ऑफिसात गेली होती, आणि वरच्या ऑफिसातले साहेब रजेवर. ‘‘पुढच्या आठवड्यात नक्की,’’ असं मॅनेजर इतक्या प्रेमाने सांगायचे, की माधवला त्यांच्यावर रागावताही येत नसे. इकडे आमचे घरमालक येऊन भिंतींना कोणता रंग द्यावा हे आमच्यासमोर ठरवायला लागले. तिकडे कराराची मुदत संपत आली, आणि पितळी भांड्यांच्या एका व्यापाऱ्याने टीचरना निरोप पाठवला, की मी सगळे पैसे एकदम देतो, कर्जबिर्ज काही भानगड नाही. टीचरनी माधवला फोन करून सरळ सांगितलं, ‘‘तुम्ही भली माणसं आहात. पण मला मुलाकडे जायचंय. मुदत संपली की मी मोकळी.’’

त्या संध्याकाळी आमच्या घरात कुणाला जेवण गेलं नाही. बातमी ऐकून आलेले मामा मात्र पान लावत होते. देठ खुडून ते म्हणाले, ‘‘उगे का बसलांत सारे? मी जाऊन बसतों.’’

‘‘कुठे, मामा?’’

‘‘टीचरच्या ओट्यावर. वाट पाहायचीच आहे तर तिथें पाहूं.’’

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते तिथे हजर. टीचरनी दार उघडलं, काय पाहिजे म्हणून विचारलं. मामा तमिळमध्ये म्हणाले, ‘‘काही नको. बँकेचे पैसे यायचेत. ते येईपर्यंत बसतो.’’ टीचरनी दार लावून घेतलं. दुपारी उघडून पाहिलं तर मामा तिथेच. घर विकू नका असं ते एका शब्दाने म्हणाले नाहीत, आमची गाऱ्हाणी सांगितली नाहीत, नुसते बसले. सगळी हयात वर्गात बोलण्यात गेलेल्या बाईला हे सहन होईना. आधी त्यांनी ताक आणून दिलं, मग कॉफी. कॉफीवरून पहिलं भांडण झालं. मामांनी घोट घेऊन चिकोरी जास्त आहे असं कळवलं. ‘‘फुकटची कॉफी पिऊन वर नाव ठेवता?’’ टीचर कडाडल्या. दुसऱ्या दिवशी मामांनी स्वतः दळून आणलेली पूड त्यांच्यापुढे ठेवली. टीचरनी ती केली, चाखली, आणि ही कडू आहे असं जाहीर केलं. तो वाद शेवटपर्यंत मिटला नाही. रोज एक खेप त्यांच्या पुडीची व्हायची, एक मामांच्या.

मी एकदा संध्याकाळी काय चाललंय बघायला गेले. ओट्याच्या एका टोकाला मामा, दुसऱ्या टोकाला टीचर, मध्ये सुपात निवडलेले तांदूळ. दोघंही रस्त्याकडे बघत बसलेले.  मी आल्याचंही त्यांना जरा उशिराच कळलं. टीचर मला आत घेऊन गेल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘‘तुझे मामा विचित्र आहेत, हं. पण संध्याकाळी हा ओटा मला खायला उठायचा. आता नाही उठत.’’

मुदत संपली त्याच दिवशी व्यापारी स्वतः आला. माधव नि मी धावत पोचलो तेव्हा तो ओट्यासमोर उभा राहून टीचरना समजावत होता, की आज हो म्हणा, उद्या व्यवहार पुरा. मामा आपल्या टोकाला बसून पानाला चुना लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. टीचरनी सगळं ऐकून घेतलं. मग वर्गातल्या मुलाला सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, ‘‘हे बघा, हे गृहस्थ तुमच्याआधीपासून रांगेत बसलेत. मधल्यामध्ये तुम्हाला कसं देऊ?’’

‘‘मुदत संपली ना, अम्मा!’’

‘‘मुदत माझी. मी वाढवली.’’

व्यापारी निघून गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माधव टीचरच्या पाया पडायला वाकला, तर त्या म्हणाल्या, ‘‘राहू दे, आधी बँकेकडे बघ.’’

आणि मग एका दुपारी काही कल्पना नसताना बँकेचा फोन आला. साहेब रजेवरून परतले होते. उद्या पैसे सुटणार. आम्ही दोघं स्कूटरवरून तसेच टीचरकडे गेलो आणि रस्त्यातूनच ओरडून सांगितलं. टीचर ‘‘बरं झालं,’’ म्हणाल्या आणि आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मामा उठून उभे राहिले होते. ते पुन्हा बसले. माधवला म्हणाले, ‘‘उद्यांच?’’

‘‘उद्याच, मामा!’’

‘‘त्यांस आणखी कांही कागद नको का? एकवार पुसून ये.’’

माधव हसला. मी हसू शकले नाही.

खरेदीखत झालं. टीचरनी माझ्या हातात किल्ल्या दिल्या आणि विहिरीचा रहाट कधी अडकतो ते सांगितलं. मुलगा गाडी घेऊन आला होता. सामान चढलं. मामा गाडीच्या खिडकीशी गेले. टीचर म्हणाल्या, ‘‘तिकडे ओटा नाही. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट आहे.’’ मामांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘‘लिफ्ट असेल. लिफ्टची वाट पाहावी लागते.’’ टीचर खळखळून हसल्या, आणि तशीच गाडी निघाली.

नव्या घरात आम्ही रुळलो. मामा सुरुवातीला येईनात. मग आले, पण ओटा ओलांडून सरळ आत स्वयंपाकघरात, माझ्यापाशी बसायचे. कॉफी दिली की काही न बोलता प्यायचे. चिकोरीबद्दलसुद्धा नाही. मी मुद्दाम जास्त घालून पाहिली, तरी नाही. माझ्या मुलांना वाटलं, मामा आता शहाणे झाले. मला ते बघवेना. मीच एक दिवस त्यांना न विचारता कोइमतूरचं तिकीट काढलं आणि टीचरना फोन केला.

तिकडे राहून आल्यावर ते आधी माझ्याकडेच आले. पिशवी खाली ठेवली, तोंड धुतलं. मी विचारलं, ‘‘कशा आहेत टीचर?’’

‘‘बरी आहे. गुडघे दुखतात.’’

‘‘काय बोललात मग एवढे दिवस?’’

‘‘फारसें कांही नाही. बसलों. लिफ्टच्या समोर मोकळी जागा आहे, तिथें दोन खुर्च्या घालून.’’  त्यांना सांगावं की नाही असं झालेलं दिसलं. ‘‘येणारे जाणारे सारे पुसत, कुणाची वाट पाहातां म्हणून.’’

‘‘मग तुम्ही काय सांगितलंत?’’

‘‘मी काय सांगूं? टीचरच म्हणाली. म्हणाली, आतां कुणाची नाही. हे आले ना.’’

मग त्यांनी टॉवेलने पुन्हा एकदा तोंड पुसलं, कोरडंच होतं तरी, आणि दाराबाहेर बघत राहिले. मी कॉफीचं भांडं गॅसवर चढवलं.