तोइमीची चकचकीत रायफल

तोइमी कार्पिनेनला त्या उन्हाळ्यात नेमबाजीच्या चाचणीत दोनदा नापास केलं, आणि तेही मीच. एल्कच्या, म्हणजे त्या घोड्याएवढ्या हरणाच्या शिकारीला जायचं तर चार गोळ्या एका वर्तुळात बसवून दाखवाव्या लागतात. एक जरी बाहेर गेली तरी माणूस घरी. आता सप्टेंबरअखेरची एकच चाचणी उरली होती.

आमच्या शिकारगटाची प्रमुख मी, त्यामुळे वाईटपणा घ्यायचा तो मीच. जो या चाचणीत पास नाही, त्यानं रायफल न घेता दलदलीतून हाकारा घालत चालायचं, असा आमचा रिवाज. तोइमीचा खुबा बदललेला, तो अंगणातून टपालपेटीपर्यंत जातो तेच खूप. म्हणजे रायफल गेली की गट गेला. आणि बायको, हिल्या, वारल्यापासून गटाखेरीज त्याला माणसं होती कुठे? एरवी आठवडाभर तो बोलायचा ते रेडिओशी. बातम्या देणाऱ्याला तो उलट उत्तरं देतो, हे मी दारात उभी राहून ऐकलंय.

दुसऱ्या चाचणीला पहिल्याच गोळीबरोबर त्याच्या रायफलच्या नळीवरच्या, आवाज दाबणाऱ्या सायलेन्सरमधून निळा धूर निघाला.

"तोइमीनं सॉना पेटवला रे!" वाफेच्या न्हाणीघराचं धुराडंच जणू, तसं मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळे फिदीफिदी हसले. तोइमीही हसला, पण गोळ्या दोन बाहेर.

"डोळे तपासून घे," मी म्हटलं.

"डोळ्यांना काय धाड भरलीय? पलीकडच्या तळ्यातली बदकं मोजून दाखवू?"

"मग हात कापतात तुझे."

"तुझी जीभ कापत नाही, इर्मेली, एवढं मात्र खरं."

मला राग आला, पण त्या टोमण्याचा नव्हे. मला वाटलं, बाई गेल्यावर या पुरुषांची घरं जशी होतात तशीच याची रायफल झाली असणार. शिकारीहून आल्यावर सायलेन्सर काढायचा कंटाळा, आत दमट हवा कोंडलेली, नळीच्या तोंडाला गंज. चांगली खरडपट्टी काढायची, असं ठरवूनच मी त्याच्या घरी गेले.

पाहते तर स्वयंपाकघर लख्ख. टेबलावर जुनं वर्तमानपत्र, त्यावर चिंध्यांचे सारखे कापलेले तुकडे, तेलाची बाटली, साफ करायचा पोलादी गज. सायलेन्सर काढून चुलीच्या कट्ट्यावर वाळत ठेवलेला, अगदी ठेवावा तसा. रायफल इतकी चकाकत होती, की माझी मलाच लाज वाटली.

"कधी साफ केलीस?"

"काल."

"आणि त्याच्या आधी?"

"परवा." त्यानं कॉफी ओतली. "रोजच करतो. जेवण झालं की बसतो. सायलेन्सर काढतो, नळी पुसतो, तेल देतो, सायलेन्सरमध्येही जरा सोडतो. तासभर जातो छान."

"पण गोळी कधी झाडलीस?"

"तुझ्यासमोर झाडली ना, चाचणीत."

मला आधी हसूच आलं. चाचणीनंतर एकही गोळी झाडली नाही आणि हा रोज नळी घासतोय! मग मी विचारलं, "गज कुठून घालतोस?"

"तोंडाकडून. लष्करात शिकवलं तसं."

आमच्याकडे प्रत्येक पोरगा लष्करात जाऊन येतो आणि तिथली एखादी सवय मरेपर्यंत सोडत नाही. गज खरं तर मागून घालायचा; वर्षातून दोनदा तोंडाकडून घातला तर फारसं बिघडत नाही, जन्मभर त्याचं बिघडलंही नव्हतं. पण हिल्या गेल्यापासून रोज संध्याकाळी, दोन हिवाळे? मी नळी खिडकीशी धरली. पोलादानं तोंडाची कड एका बाजूनं घासून गोल केली होती. गोळी बाहेर पडताना तिथेच भरकटत होती. आणि धूर म्हणाल तर तो साचलेल्या तेलाचा. खरडपट्टी काढायची ती राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी त्याला गाडीत घालून मी बंदुका दुरुस्त करणाऱ्या रेइयोकडे नेलं. रेइयोनं नळीचं टोक बोटभर कापलं, सायलेन्सर बसवायला नवे आटे पाडले, सायलेन्सर धुऊन कोरडा केला आणि रायफल हातात देताना दम भरला, "आजोबा, आता हंगाम संपेपर्यंत हिला हात लावायचा नाही. ओली झाली तर पुसा. बाकी काही नाही."

"आणि संध्याकाळी?" तोइमीनं विचारलं.

"संध्याकाळीही नाही," म्हणत रेइयो हसला. त्याला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

शेवटच्या चाचणीत चारही गोळ्या आत बसल्या, त्यातल्या तीन एकमेकींना चिकटून. धुराचं नाव नाही. गटातल्या पोरांनी त्याची पाठ थोपटून थोपटून लाल केली. ओढ्याकाठची, एल्कची वाट पाहत बसायची जागा त्यालाच द्यायची, असं तिथल्या तिथे ठरलं. एवढं बोलताना मी त्याला वर्षभरात पाहिलं नव्हतं. मलाही फार बरं वाटलं.

घरी सोडलं तेव्हा तो आत गेला आणि साफसफाईची पेटी घेऊन बाहेर आला. गज, तेल, चिंध्या, सगळं तिच्यात.

"तू घेऊन जा," तो म्हणाला. "घरात राहिली तर माझा हात जाईल."

मी पेटी मागच्या सीटवर ठेवली. घरी नातवंडं आलेली, भाकऱ्या भट्टीत घालायच्या होत्या. गाडी वळवता वळवता सहज खिडकीकडे नजर गेली. तोइमी टेबलाशी बसला होता. कोट अंगातच, दिवाही लावलेला नाही. दोन्ही हात पुढे ठेवून नुसता बसला होता.

मी इंजिन बंद केलं आणि आत गेले.

तो गडबडून उठला. "काय गं, काही राहिलं का?"

"नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग समोरच्या खुर्चीवरून हिल्याची लोकरीची शाल उचलली, नीट घडी करून कपाटात ठेवली आणि म्हणाला, "मग बस की."