स्वीडिश गायिकेची झोप

म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइममधल्या माझ्या पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातल्या शेजारच्या जर्मन सहकाऱ्यानं मला एका स्वीडिश गायिकेची सीडी दिली. एक पियानो, एक आवाज आणि दहा गाण्यांत दहा वेळा मोडलेलं मन. बाहेर साडेचारलाच अंधार पडायचा. मी ती सीडी दोन वर्षं ऐकली. मला स्वतःला फारसं दुःख नव्हतं, पण तिचं आयतं मिळत होतं.

मग तिचा नवा अल्बम आला. पियानो गायब, ठेका धरायला यंत्र, आणि एका गाण्यात तर बाई चक्क हसली होती. सहकारी आठवडाभर सुतकात होता.

"आल्झो, थोडक्यात, कलावंत म्हणून ती संपली," तो म्हणाला.

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणाले. मला कलेतलं खूप कळतं, असं तेव्हा माझं मत होतं.

तरी म्युनिकच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं मी काढलीच. निराश व्हायचं तर समोर जाऊन व्हावं. ऐनवेळी नवऱ्याचं काम निघालं, आणि नाशिकहून आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "मी येते की. घरात बसून खिडकीतून ती पार्किंगची जागा किती बघू?"

हॉलमध्ये सगळे काळ्या कपड्यांत उभे होते. सासूबाई मोरपंखी साडीत, वर स्वेटर, पायात बूट. दारावरच्या माणसानं त्यांना कुठूनशी खुर्ची आणून दिली. सहकारीही स्वतःचं तिकीट काढून आला होता, आणि मागे हाताची घडी घालून तयारीनिशी निराश उभा होता. लोकांनी जुन्या गाण्याची मागणी केली. गायिकेनं मान हलवून नकार दिला आणि पुढचं गाणं सुरू केलं. सासूबाई मांडीवर ताल धरून होत्या.

"चांगली गाते की गं. तुला काय खटकतंय?"

"आई, आधी ती फार खोल गायची."

"खोल म्हणजे कशी?"



कार्यक्रम संपल्यावर गायिका एका टेबलापाशी सीडींवर सह्या करत होती. सासूबाई रांगेत उभ्या राहिल्या, म्हणजे मलाही राहावं लागलं. नंबर आल्यावर त्या म्हणाल्या, "विचार तिला, जुनी गाणी का नाही म्हणत?"

मी लाजत इंग्रजीत विचारलं. गायिकेनं पेन खाली ठेवलं. "ती लिहिली तेव्हा मला झोप लागत नव्हती," ती म्हणाली. "कित्येक महिने. आता लागते. ती म्हटली की पुन्हा उडते."

मी मराठीत सांगितलं. सासूबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "बरं झालं, सांग तिला. आणि झोपण्याआधी फोन बघू नको म्हणावं."

मी दोन्ही सांगितलं. गायिका हसली, अल्बममधल्यासारखीच. मला कानकोंडं झालं. दोन वर्षं मी तिचं जागरण कुरवाळत बसले होते, आणि तिला डोळा लागला म्हणून रुसले होते.

सोमवारी कॉफी पिताना मी हे सगळं सहकाऱ्याला सांगितलं. त्यानं गंभीरपणे विचार केला.

"म्हणजे झोप लागायला लागली, तिथंच घसरण सुरू झाली," तो म्हणाला.

सवयीनं 'गेनाऊ' म्हणायला माझं तोंड उघडलं. मग मी नुसतीच कॉफी प्यायले. नव्या अल्बममधलं चौथं गाणं मला आवडायला लागलं होतं, पण ते त्याला सांगायचं धैर्य मला आणखी वर्षभर झालं नाही.