मामांचं ‘व्हय’

गावाच्या पंचायतीतून वाडी वेगळी काढावी, हा ठराव मी मांडला होता. सभेत सूचक म्हणून माझं नाव पुकारलं तेव्हा मला अभिमान वाटला होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुठे मी स्वतःच्या सोयीचं काही लिहू लागलो तर वाचणाऱ्याच्या ते ध्यानात येईल.

आमचं गाव सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेलगत. ओढ्याच्या अलीकडे गाव, पलीकडे माळावर वाडी. गावात उसाची जमीन असलेली घरं, वाडीत मेंढपाळांची. पंचायत दोघांची मिळून एकच होती. दिवाळी झाली की वाडीतले बहुतेक पुरुष मेंढरं घेऊन घाट उतरून जात आणि पावसाच्या तोंडावर परत येत. मधे वाडीत उरायच्या त्या बाया, पोरं आणि म्हातारी माणसं. गावच्या यात्रेला मात्र पुरुष कुठंही असले तरी दोन दिवसांपुरते येऊन जात, कारण त्यांच्यावाचून पालखी पुढे जात नसे.

ती चाल अशी होती. देवळातून पालखी बाहेर आली की पायऱ्या उतरून पहिल्यांदा टेकायची. पण जमिनीवर नाही, वाडीच्या घोंगडीवर. हा मान ज्या घराचा, त्या घरच्या कर्त्या म्हाताऱ्याला मी माझ्या लहानपणापासून पाहत होतो. गावातली सगळी पोरं त्यांना मामाच म्हणत. मामा दरवर्षी नवी घोंगडी विणून घ्यायचे. लोकर काळ्या मेंढीची, पांढरा धागा औषधालासुद्धा नाही. पालखी टेकून उठली की तीच घोंगडी पुढं वर्षभर वाडीत फिरायची. बाळंतिणीच्या खाटेवर जायची, तापानं फणफणलेल्या माणसाच्या अंगावर जायची, लग्नात नवरानवरीच्या पायाखाली यायची. गावाला ती एक जुनी रीत होती. वाडीला ती वर्षभराची ऊब होती. हा फरक मला तेव्हा कळत नव्हता असं म्हणायला मला आवडेल.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी सांगलीला कॉलेज करून परत आलो होतो आणि पंचायतीवर निवडून गेलो होतो. सगळ्यांत तरुण पंच. वाडीला पाणी नाही, दिवा नाही, शाळेला खोली नाही, हे मी दुष्काळात उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं. वाडीची स्वतंत्र पंचायत झाली तर तिचा पैसा तिला मिळेल, असं मला मनापासून वाटत होतं. सरपंचांनी माझी पाठ थोपटली. वाडीची सगळी मतं एकगठ्ठा पडत आणि ती सरपंचांना कधीच पडत नसत, हे मला ठाऊक होतं. पण काम चांगलं असेल तर कुणाचा काय फायदा होतो ते कशाला बघायचं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

सभेच्या आधी मी वाडीवर गेलो. मामा दारात उन्हाला बसून लोकर कातत होते.

“मामा, वाडीचं विभाजन करायचंय,” मी म्हणालो.

“इभाजन म्हंजी?”

“पंचायत वेगळी करायची. तुमचा कारभार तुमच्या हातात.”

“मग वाटणी म्हण की सरळ. सांगलीला जाऊन आल्यापास्नं साधा शबुद गावंना झालाय तुला, भाच्या.”

आतून बायांचं हसू ऐकू आलं. मीही हसलो.

“बरं, वाटणी,” मामा म्हणाले. “वाटणीत द्येव कुनाकडं जातू?”

याचा मी विचारच केला नव्हता. घरात भाऊ वेगळे झाले की देवघर थोरल्याकडे राहतं, धाकटा देवांचे नवे टाक घडवून घेतो. मामा तेच विचारत होते. मी लगेच म्हणालो, “देवाची वाटणी होत नाही, मामा. पंचायत सरकारची, देव आपला. पालखी तुमच्याच घोंगडीवर टेकणार.”

“कोन म्हनतंय?”

“मी म्हणतोय.”

मामांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तू पंच हायस. तुजा शबुद हाय. पर मला एकट्याला न्हाई सांगता यायचं. मानसं मेंढरामागं ग्येल्यात. यात्रंला येत्याल तवा बसून बोलतू आमी, मग सांगतू.”

मी परत येऊन सरपंचांना हे सांगितलं. ते म्हणाले, “व्हय, व्हय, बोलू दे की त्यास्नी.” आणि सभा यात्रेच्या कितीतरी आधी, पौषातच लावली.

सभा चावडीपुढच्या लिंबाखाली भरली. वाडीचे मामा आणि आणखी दोनतीन म्हातारे कडेला बसले होते. मी उभा राहून ठराव वाचला, मग तो समजावून सांगू लागलो. मी चांगलं बोललो. वाडीचं पाणी, वाडीची शाळा, वाडीचा रस्ता. माझ्या प्रत्येक वाक्याला कडेवरून मामांचा आवाज येत होता. “व्हय.” पुन्हा, “व्हय.”

आमच्याकडे कुणी बोलत असताना ऐकणाऱ्यानं गप्प राहणं बरं दिसत नाही. म्हणून तो मधेमधे ‘व्हय’ म्हणत राहतो. त्याचा अर्थ इतकाच, की ऐकतोय, पुढं बोल. होकार द्यायचा असला की माणूस ‘चालंल’ म्हणतो, ‘करूया’ म्हणतो. आई गोष्ट सांगताना मी तिला असेच हुंकार दिले होते. आमच्या भागातल्या कुठल्याही पोराला हा फरक शिकवावा लागत नाही.

माझं बोलणं संपल्यावर सरपंच उठले. “आता काय इचारायचं ऱ्हायलंय? वाडीच व्हय म्हनतीया. मामा किती डाव म्हनाले, मोजलं का कुनी?”

लोक हसले. मागून कुणीतरी ओरडलं, “मामा, आता तुमीच सरपंच! आमास्नी चा तरी पाजा गड्या!”

“वळखशीला न्हवं आमाला, खुर्चीत बसल्यावर?” दुसरा म्हणाला.

मामा एक हात जमिनीला टेकून उठू लागले. “आवं, मी आयकत हुतो...” ते म्हणत होते. पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. सरपंचांनी ग्रामसेवकाला सांगितलं, “लिवा, सर्वानुमते.” मामा अर्धवट उठलेले तसेच थांबले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

‘ते ऐकत होते, त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.’ एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. ते बोलायला धाडससुद्धा लागणार नव्हतं. सरपंचांनी थोडी कुरबुर केली असती आणि यात्रेनंतर सभा पुन्हा भरली असती, इतकंच. पण टाळ्या माझ्या भाषणाला पडत होत्या. मी हातातल्या कागदाची घडी घालत खाली बघत राहिलो.

संध्याकाळी ओढ्यावर मामा भेटले. रागावलेले दिसले नाहीत. “झालं त्ये झालं,” म्हणाले. “पालखीचं ध्यानात ठेव म्हंजी झालं.”

“आहे, मामा.”

त्या वर्षीची यात्रा नेहमीसारखी झाली. ठराव अजून वर फिरत होता. तालुक्यातून जिल्ह्याला गेला, चौकशीला साहेब आले, जेवून गेले. पुढच्या दिवाळीच्या सुमाराला हुकूम आला आणि वाडी वेगळी झाली. वाडीचं वाईट झालं असं मी म्हणणार नाही. तिथं आधी शाळेची खोली आली, मग दिवे आले. माझं भाषण खोटं नव्हतं. खोटं जे होतं ते भाषणात नव्हतं.

हुकुमानंतरची पहिली यात्रा जवळ आली तेव्हा मी बियाण्याच्या कामासाठी सांगलीला निघालो होतो. सरपंचांनी वाटेत गाठलं.

“निघालाच हाईस तर एक जाजम आन. लाल. चांगलं रुंद बघ.”

“कशाला?”

“यात्रंला पाव्हणं येत्यात. बसाय नको का त्यास्नी?”

मी सांगलीच्या पेठेत दोनचार दुकानं हिंडलो. तळहात फिरवून पोत बघितला, काठ उसवणार नाही ना ते बघितलं, घासाघीस केली. एसटीच्या टपावर ते जाजम चढवताना कंडक्टरला म्हणालो, जपून, देवाच्या कामाचं आहे. हे वाक्य मला नंतर फार वेळा आठवलं. पाहुण्यांच्या बैठकीसाठी घेतलेल्या जाजमाला मी देवाच्या कामाचं का म्हणालो असेन? इतकं लाल, इतकं नवं जाजम कशासाठी हवं आहे, याचा अंदाज माझ्या आत कुठंतरी होता. तो मी वर येऊ दिला नाही.

यात्रेच्या सकाळी मी देवळापाशी गेलो तर जाजम पायऱ्यांखाली अंथरलेलं होतं.

वाडीची माणसं ओढा ओलांडून ढोल वाजवत आली. पुढं मामा, खांद्यावर घडी घातलेली काळी घोंगडी. पायऱ्यांपाशी आले, जाजम पाहिलं, आणि ढोल आपोआप थांबले.

सरपंच हात जोडून पुढं झाले. “या मामा. औंदा तुमचं गाव येगळं, आमचं येगळं. गावच्या पालखीला गावचं जाजम. तुमी आता पाव्हणं. बसा, दर्शन घ्या, जेवून जावा.”

“पाव्हणं?” मामा म्हणाले.

“मग काय तर! मानाचं पाव्हणं.”

मामांनी गर्दीत मला शोधलं आणि म्हणाले, “भाच्या, सांग की ह्यास्नी. द्येवाची वाटणी हुईत न्हाई म्हनाला हुतास.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पालखी वरच्या पायरीवर आली होती. खांदेकऱ्यांच्या मानेवर घाम दिसत होता. माझी आई बायांच्या घोळक्यात उभी होती. मी काय म्हणालो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं.

“मामा, एवढं वर्ष जाऊ द्या. पुढच्या वर्षी आपण बसून ठरवू.”

“व्हय?” मामा म्हणाले.

तो हुंकार नव्हता आणि होकारही नव्हता. नुसता प्रश्न होता. त्यांनी खांद्यावरची घोंगडी सारखी केली आणि वळले. त्यांच्यामागोमाग वाडी वळली. जाताना कुणी ढोल वाजवला नाही. पालखी खाली आली आणि मी आणलेल्या जाजमावर टेकली. जाजम चांगलं होतं, सगळे म्हणाले.

घरी आई जेवायला वाढताना म्हणाली, “वाडीत यंदा तीन लग्नं हायती. पायाखाली काय घालणार रं त्या पोरींच्या?” मी खाली बघून भाकरी मोडत राहिलो.

पुढच्या वर्षी बसून काही ठरलं नाही. वाडीनं माळावर आपला देव मांडला आणि यात्रा वेगळी केली. सुगीनंतर, घाट उतरायच्या आधी, त्यांची मेंढरं पूर्वी आमच्या रानात खतासाठी बसायची, ती येईनाशी झाली. भांडण असं झालंच नाही. बाजारात भेट झाली तर रामराम व्हायचा. ‘पाव्हणं, बरं हाय का?’ असं आता वाडीची माणसंच मला म्हणायची, आणि त्यात टोमणा आहे की साधी विचारपूस, हे मला कधी ओळखता आलं नाही.

मामा आजारी आहेत असं कळलं तेव्हा दशक संपत आलं होतं. सरपंच तेच होते. मीही पंच होतोच, दुसऱ्यांदा निवडून आलो होतो. मी ओढा ओलांडून गेलो. मामा खाटेवर पडून होते, अंगावर काळी घोंगडी होती. पांढरा धागा एकही नाही. सून म्हणाली, “तीच ही. जाजमाच्या वर्साची. कुनालाबी देऊ देत न्हाईत. म्हनत्यात, हिच्यावर पालखी टेकल्याली न्हाई, लोकांच्या अंगावर कशी घालू?”

ती आत गेल्यावर मी बोलायला सुरुवात केली. वाटेत सगळं मनात जुळवून ठेवलं होतं.

“मामा, त्या सभेत तुम्ही नुसते ऐकत होता, हे मला माहीत होतं.”

“व्हय,” मामा म्हणाले. डोळे मिटलेले होते.

“तरी मी गप्प बसलो.”

“व्हय.”

“ते जाजम सांगलीहून मीच आणलं.”

“व्हय.”

“यात्रेत तुम्ही मला विचारलंत, तेव्हा मला बोलता आलं असतं. मी शब्द दिला होता. माझं चुकलं, मामा.”

“व्हय.”

मी थांबलो. माझ्याजवळचं सगळं सांगून झालं होतं. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि खरं सांगायचं तर थोडं हलकंही वाटत होतं. हे शेवटचं ‘व्हय’ तरी होकाराचं असावं, एवढीच माझी इच्छा होती. मग मामांनी डोळे उघडले आणि मी अजून काही बोलणार आहे अशा अपेक्षेनं माझ्याकडे पाहिलं.

“आयकतोय की,” ते म्हणाले. “मग? फुडं?”

यात्रा महिन्यावर आली होती. पंचायतीची सभा त्याआधी होणार होती आणि मला तिथं पालखीच्या मानाबद्दल बोलायचा हक्क होता. मामा ज्या ‘फुडं’ची वाट बघत होते ते एवढंच होतं.

मी त्यांच्या पायावरची घोंगडी सारखी केली, पुन्हा येतो म्हणालो आणि ओढा उतरून गावात आलो. त्या सभेला मी गेलो. पाणीपट्टीवर बोललो.