पिंप निवळेपर्यंत

डॉक्टरांनी हात टेकून घरी पाठवलं, तेव्हा आर्नफिननं पहिलं काम काय केलं असेल, तर बिअर घालायला काढली. स्वतःच्याच मयताची. नॉर्वेतल्या वॉसच्या डोंगरात मयताला बिअर लागतेच, आणि ती घरचीच लागते. आर्नफिन जन्मभर सुतारकाम करत आला, पण पंचक्रोशीत त्याचं नाव होतं ते त्याच्या तांबूस, नितळ बिअरमुळं.

आता अंगात त्राण नव्हतं. तो खुर्चीत बसून सांगे आणि त्याची बायको गीरिद करी. लाकडी कुंडाच्या तळाशी तिनं जुनिपरच्या काटेरी फांद्या अंथरल्या, मोड आणून वाळवलेल्या सातूचं गरम पाणी त्यांतून निथळून घेतलं, उकळून निववलं, यीस्ट घातलं. फसफस थांबल्यावर शेजारच्या मोन्सनं पिंप तळघरात नेऊन ठेवलं.

"ही निवळली की मी मोकळा," आर्नफिन म्हणाला. "त्याआधी काही मरत नाही. गढूळ पाजून गेलो तर हा मोन्स माझ्या शवपेटीपुढंच तोंड वाकडं करेल."

मोन्स हसला. गीरिदला मात्र ते शब्द काट्यासारखे रुतले.

रोज बटाटे आणायला तळघरात उतरली की ती काचेच्या पेल्यात थोडी काढून झरोक्याच्या उजेडात धरी. बिअर ताकासारखी दिसली की तिला हायसं वाटे. "अजून गढूळच आहे रे," ती वर येऊन सांगे. तो मान हलवी आणि सूप पिई.

नाताळ उलटला. मोन्स बिअर गाळायचं एक यंत्र घेऊन आला. हातपंप आणि जाड कागदाच्या चकत्या. "एका दुपारात काचेसारखी करून देतो."

"चव कागदाला आणि रंग तेवढा पाहुण्यांना!" आर्नफिन बिछान्यातून गुरगुरला.

"अरे, पण किती वाट बघायची?"

"बघू की!" गीरिद एवढ्या जोरात म्हणाली की दोघंही तिच्याकडं बघत राहिले. "ते यंत्र तुझ्या घरी ने, मोन्स. या घरात काही गाळायचं नाही."

एके दिवशी पेला जरा उजळ दिसला. तिनं पिंपाला दोन्ही हातांनी मिठी घातली आणि गदागदा हलवलं. तळाचा साका ढवळून वर आला. वर येऊन ती म्हणाली, "ताकच आहे अजून."

"असणारच," आर्नफिन डोळे मिटूनच म्हणाला. "पिंप डुचमळलं की या फळ्यांखालून ऐकू येतं, म्हातारे."

ती त्याच्या उशाशी बसून रडली. तो तिचा हात थोपटत राहिला. त्यानंतर तिनं पिंपाला हात लावला नाही.

थंडी वाढली, तळं गोठलं. मग एका सकाळी तिनं पेला झरोक्याला धरला. पेल्याच्या आरपार झरोका दिसत होता, झरोक्यापलीकडचं बर्फ दिसत होतं, आणि बर्फातलं चर्च दिसत होतं, इवलंसं आणि उलटं. कुणी गाळलं नव्हतं, कुणी शिवलंही नव्हतं. सगळं जडपण अंधारात आपलं आपण खाली बसलं होतं आणि वर नुसता उजेड उरला होता. खोटं बोलायला तिची जीभ वळेना; ती पेला घेऊनच वर आली.

आर्नफिननं पेला खिडकीकडं धरून बराच वेळ पाहिला, मग त्यातूनच तिच्याकडं पाहिलं. "बाई गं," तो पुटपुटला, "माझी कधी अशी झाली नव्हती." मग म्हणाला, "लोकांना आजच बोलाव. मेल्यावर प्यायले तर त्यांची तोंडं मला कशी दिसणार?"

दुपारी घर भरलं. बडबडी माणसं सगळी, पण हातात पेला आला की जो तो खिडकीकडं वळे आणि गप्प होई. मोन्सनं तर टोपी काढली.

तळ्यावरचं बर्फ फुटायच्या आधी आर्नफिन झोपेतच गेला. पिंपात अर्धीअधिक उरली होती. साका हलू नये म्हणून गीरिद तोटी अगदी हळू उघडत एकेक सुरई भरत होती, आणि वर मयताला आलेले लोक तिची वाट बघत उभे होते.